इम्पॅक्ट गन बसवताना: दाब वाढवू नका, वाट मोकळी करा

नवी हवेची गन गॅरेजमध्ये येते, पहिल्याच दिवशी एखाद्या चाकाचे नट हलत नाहीत, आणि कोणीतरी पाना घेऊन कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच आवळायला जातो. टाकीवरचा काटा दहावरून बारावर जातो, नट तरीही हलत नाही. बदललेले असते एवढेच, की टाकी आता तिच्यासाठी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे भरते आहे.

गनची ताकद टाकीच्या काट्यावर ठरत नाही. ट्रिगर दाबलेला असताना गनच्या तोंडाशी किती दाब टिकतो आणि किती हवा पोचते, यावर ती ठरते. बहुतेक अर्धा इंची गनना चालू असताना ६.२ बार, म्हणजे ९० पीएसआय लागतात. टायरच्या भाषेत नव्वद पॉइंट. टाकीत ८ बार असूनही गनपाशी ४ पोचत असतील, तर मधले ४ बार बारीक पाइप, चुकीचा कपलर (पाइप आणि गन यांचा झटपट जोड) आणि तुंबलेला फिल्टर यांनी खाल्लेले असतात. म्हणून जोडणी टाकीपासून गनकडे एकेक टप्पा तपासत करायची.

इथे गृहीत धरलेली मांडणी नेहमीची आहे: चार सूत, म्हणजे अर्धा इंची चौकोनी टोकाची इम्पॅक्ट गन, २ एचपीचा बेल्टवाला पिस्टन कॉम्प्रेसर, १६० लिटरची टाकी आणि मोटारगाड्या दुरुस्त करणारा एक गाळा.

आधी हवेचा हिशोब

गनच्या खोक्यावर ४ ते ५ सीएफएम, म्हणजे मिनिटाला इतके घनफूट हवा, असे छापलेले असते. हा आकडा सरासरीचा आहे, म्हणजे ट्रिगर एकूण वेळेच्या पाव भागच दाबलेला असेल असे धरून काढलेला. ट्रिगर दाबलेला असतो तेव्हा तीच गन १६ ते २० सीएफएम ओढते. कॉम्प्रेसरच्या खोक्यावरचा आकडाही तसाच फसवा. तिथे साधारण ८ लिहिलेले असते ते पिस्टनचे विस्थापन. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याच्या ६० ते ७५ टक्के असते.

खरा आकडा स्वतः काढता येतो. टाकी पूर्ण रिकामी करा, बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवा, मोटर सुरू करा आणि ० ते ७ बार व्हायला लागणारा वेळ मोजा. १६० लिटर गुणिले ७ म्हणजे ११२० लिटर मोकळी हवा. सात मिनिटे लागली, तर मिनिटाला १६० लिटर. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, तेव्हा हे झाले साधारण ५.७ सीएफएम. सुरुवातीला टाकीत दाब नसल्याने पंप जोरात भरतो, म्हणून प्रत्यक्ष कामाच्या दाबावर याहून थोडी कमीच हवा मिळेल असे धरा.

आता एक नट. ५ सेकंद ट्रिगर, १८ सीएफएमने, म्हणजे साधारण ४२ लिटर हवा. टाकी १० बारवरून ७ बारवर येईपर्यंत ४८० लिटर देते, म्हणजे दहा-अकरा नट. चार नटांच्या चाकाची हॅचबॅक या कॉम्प्रेसरवर आरामात निघते. डाय ग्राइंडर किंवा सँडर मात्र नाही, कारण ती हत्यारे सतत चालतात आणि टाकी मिनिटा-दोन मिनिटांत बसते. एवढा हिशोब माहीत असला की ‘गन बसते’ या तक्रारीतली निम्मी प्रकरणे हत्याराची नसून अपेक्षेची आहेत हे कळते.

जागा आणि वीज

कॉम्प्रेसर सपाट जमिनीवर, रबरी पॅडवर ठेवा. फ्लायव्हीलच्या पात्या पंपाच्या हेडवर वारा मारतात, म्हणून त्या बाजूला भिंतीपासून हात-सव्वा हात अंतर हवे. कोपऱ्यात दडवलेला कॉम्प्रेसर तापतो, आणि तापलेली हवा पुढे जास्त पाणी घेऊन जाते. हवा आत घेणारा फिल्टर ग्राइंडिंगच्या धुळीपासून आणि रंगकामापासून दूर असावा.

२ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना १० अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना त्याच्या कैक पट. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, सी कर्व्हचा एमसीबी, किमान २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, ओव्हरलोड रिले असलेला स्टार्टर आणि नीट अर्थिंग, इतके हवेच. लाइन लांब असेल तर ४ चौरस मिमी घ्या. एक्स्टेन्शन बोर्डावर कॉम्प्रेसर लावू नका: लांब वायरीत व्होल्टेज पडते, मोटर घुंऽऽ करत अडकते आणि वाइंडिंग जळते. लांबी हवीच असेल तर हवेचा पाइप लांबवा, वायर नाही.

थ्री फेज मोटर असल्यास फ्लायव्हीलवरच्या बाणाप्रमाणे फिरते का ते पाहा. उलटी फिरत असेल तर मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून कोणत्याही दोन फेज अदलाबदल करून घ्या. उलट्या फिरणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये हवा भरते, पण पात्या हेडवर वारा मारत नाहीत, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. बेल्टवर अंगठ्याने मध्यावर दाबल्यावर १०-१२ मिमी लवला पाहिजे. बेल्टची जाळी बसवल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. तेल काचेच्या मध्यापर्यंत, आणि तेही कॉम्प्रेसरचेच. गाडीच्या इंजिनचे उरलेले तेल नको, कारण त्यातल्या डिटर्जंटमुळे फेस होतो आणि व्हॉल्व्हच्या पट्ट्यांवर काजळी चढते.

टाकी

१० बारला भरलेल्या १६० लिटर टाकीत एक टन वजनाची गाडी सहा-सात मजले वर उचलता येईल एवढी ऊर्जा साठलेली असते. म्हणून टाकीच्या बाबतीत ‘चालतंय ना’ हे उत्तर चालत नाही. तीन गोष्टी पाहा.

पहिली, सेफ्टी व्हॉल्व्ह. त्यावर कोरलेला दाब टाकीच्या पाटीवरच्या कमाल दाबापेक्षा जास्त नसावा. गॉगल घालून, टाकीत दाब असताना त्याची कडी ओढा. जोरात हवा सुटली पाहिजे आणि कडी सोडताच पूर्ण बंद झाली पाहिजे. हे महिन्यातून एकदा करा. गळतो म्हणून तिथे प्लग ठोकलेला दिसला, तर तो कॉम्प्रेसर तिथेच बंद करायचा.

दुसरी, प्रेशर स्विच. साधारण ७ बारला मोटर सुरू आणि १० ला बंद. मोटर बंद होताच एक-दोन सेकंद ‘फुस्स’ ऐकू आले पाहिजे. तो अनलोडर हेडमधली हवा सोडतो. आवाज आलाच नाही तर पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध सुरू होईल आणि ट्रिप मारेल. फुसफुस थांबतच नसेल तर टाकीच्या तोंडचा, हवा मागे येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे. त्यात बहुधा काजळीचा कण अडकलेला असतो.

तिसरी, तळाचा ड्रेन. पाणी किती जमते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. पावसाळ्यात ३० अंशाला, ८० टक्के दमट हवेत घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. हवा आठपट दाबली आणि पुन्हा ३० अंशावर आली, की तिला त्यातले जेमतेम ४ ग्रॅम धरून ठेवता येतात, उरलेले २० ग्रॅम पाणी होऊन पडते. आपला कॉम्प्रेसर तासाला साडेनऊ घनमीटर हवा ओढतो. मोटर दिवसात चार तास चालली, तर टाकीत आणि पुढच्या पाइपात मिळून पाऊण लिटर पाणी. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हे रोजचे. हे पाणी टाकी आतून तळापाशी गंजवते, बाहेरचा रंग मात्र नवा दिसतो. ड्रेनमधून लालसर पाणी किंवा पापुद्रे येऊ लागले की टाकीची जाडी तपासून घ्या. गंजलेल्या टाकीला वेल्डिंगचे ठिगळ लावू नका. ते ठिगळ म्हणजे उद्याची फाटण्याची जागा.

नोंदणीकृत कारखान्यात हे केवळ शहाणपणाचे नाही, कायद्याचेही आहे. दाबाखालची यंत्रसामग्री सुरक्षित दाबापलीकडे जाऊ नये याची व्यवस्था करावी लागते.

लाइन कशाची आणि कशी

प्लंबिंगचा पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी पाइप हवेला वापरू नका. पाण्याला तो चालतो, कारण पाणी दबत नाही. फुटला तर चीर पडून पाणी वाहते. दाबलेली हवा मात्र त्याच पाइपाच्या ठिकऱ्या करून उडवते. उन्हाने, तेलाने आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने तो आणखी ठिसूळ होतो. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) किंवा अॅल्युमिनियमचा पाइप घ्या. चार सुतीऐवजी सहा सुती घेतलात तर पुढे दुसरी गन लावताना परत भिंत फोडावी लागणार नाही.

लाइनला १०० ला १ असा उतार द्या, कॉम्प्रेसरपासून लांब. प्रत्येक पॉइंटची उतरण मुख्य पाइपाच्या वरच्या अंगाने काढून, वळवून खाली आणा. खालच्या अंगाने टी मारली तर पाइपातले सगळे पाणी थेट गनमध्ये जाते. उतरणीच्या शेवटी, हवेच्या पॉइंटच्या खाली, हातभर पाइप पुढे सोडून त्याला ड्रेन कॉक लावा. कॉम्प्रेसर आणि लाइन यांच्यामध्ये मात्र कडक पाइप नको, लवचीक तुकडा हवा, नाहीतर थरथरीने पहिली वेल्डिंग किंवा पहिला आटा सुटतो.

भिंतीवरच्या पॉइंटला पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह बसवा, आणि तो कमरेच्या उंचीवर, सामान न रचता, हात घालताच सापडेल असा. का, ते पुढे येईलच.

फिल्टर, रेग्युलेटर, तेलपात्र

ज्याला बाजारात एफआरएल म्हणतात तो संच बसवताना अंगावरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना, एवढे पाहा. क्रम फिल्टर, रेग्युलेटर, तेलपात्र. उलटा बसवला तरी हवा थोडीफार जाते, म्हणून चूक महिनोन्महिने तशीच राहते. संच गनपासून पाचेक मीटरच्या आत असावा. लांब पाइपात तेलाचे तुषार भिंतींना चिकटून तिथेच राहतात.

तेल हवेच्या हत्यारांचे, आयएसओ व्हीजी ३२ च्या आसपासचे पातळ. मिनिटाला एक-दोन थेंब पुरे. गन चालवून तिच्या बाहेर पडणाऱ्या हवेपुढे पांढरा कागद धरा: अगदी पुसट तेलकट डाग हवा. थेंब उमटले तर जास्त, कोरडा राहिला तर कमी. तेलपात्र नसेल तर सकाळी आणि दुपारी गनच्या निप्पलमधून चार-पाच थेंब सोडा आणि काही सेकंद कमी दाबावर फिरवा. इंजिन ऑइल आणि ग्रीस इथे नको. आतल्या पात्या खाचेत चिकटतात आणि गन ‘टक’ करून गप्प बसते.

फिल्टरचे पारदर्शक भांडे पॉलिकार्बोनेटचे असते, म्हणून थिनर, पेट्रोल किंवा केरोसीनने धुऊ नका. ते डोळ्यांना दिसणार नाही असे तडकते आणि दाबाखाली फुटते. साबणाचे पाणी पुरे. आणि तेलपात्राच्या पुढची लाइन रंगाच्या गनला कधीही देऊ नका, रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतील.

पाइप आणि कपलर: खरी गळती इथेच

दुकानात ‘८ एमएमचा हवेचा पाइप’ मागितला की दोन वेगवेगळ्या वस्तू मिळू शकतात. रबरी पाइपाचे माप आतल्या भोकाचे असते, निळ्या पीयू नळीचे बाहेरच्या जाडीचे. ८ एमएम पीयू नळीचे भोक साधारण ५ मिमी, १० एमएमचे साडेसहा, १२ एमएमचे ८. व्यास निम्मा झाला की भोकाचे क्षेत्रफळ चौथाई होते. १० मिमी भोकाऐवजी ५ मिमी आले, की गनच्या वाट्याला काय उरते ते वेगळे सांगायला नको. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली नळी फुगा फुंकायला ठीक, इम्पॅक्ट गनला नाही.

घ्यायचा तो १० मिमी आतल्या भोकाचा, म्हणजे तीन सुती, २० बार कामाचा दाब छापलेला रबरी पाइप. दहा मीटर पुरे. पंधरा-वीस लागतच असेल तर पाइप लांबवण्याऐवजी भिंतीवर दुसरा पॉइंट काढा.

टोकांना दाबून बसवलेल्या फेरूल, म्हणजे धातूच्या कड्या, सगळ्यात चांगल्या. वर्म क्लिप लावणार असाल तर बार्ब, म्हणजे काटेरी कडा, असलेलाच निप्पल घ्या आणि क्लिप शेवटच्या बार्बच्या मागे आवळा. तार पिळून बांधणे बंद. अर्धा इंचापेक्षा मोठ्या पाइपाला सुरुवातीच्या टोकाशी, पाइप फुटताच प्रवाह तोडणारा फ्यूज व्हॉल्व्ह आणि जोडांवर व्हिप चेकची, म्हणजे सुटलेला पाइप धरून ठेवणारी, दोरी हवीच.

आता कपलर. मादी, म्हणजे आपोआप बंद होणारा भाग, नेहमी हवेच्या बाजूला, पाइपाच्या टोकाला. नर प्लग गनच्या बाजूला. हे उलटे केले तर जोड सोडल्यावरही गनमध्ये हवा कोंडलेली राहते, आणि गोटी (नटावर बसणारा सॉकेट) बदलताना अंगठा ट्रिगरवर पडला की गन फिरते. वेगवेगळ्या पद्धतीचे प्लग दिसायला सारखे असतात आणि एकमेकांत अर्धे-मुर्धे बसतातही. एकच पद्धत ठरवा, गाळ्यातले सगळे कपलर त्याच पद्धतीचे करा. बारीक प्लगचे भोकही ५ मिमीच्या आसपासच असते, म्हणून गनला जास्त प्रवाहाचा कपलर घ्या.

आणि हा कपलर थेट गनवर बसवू नका. गनचे हातोडे मिनिटाला हजारभर फटके मारतात. कपलर तिथे लोंबकळत असला की काही आठवड्यांत त्यातल्या गोळ्या झिजतात आणि काम चालू असताना पाइप निसटतो. गन आणि प्लग यांच्यामध्ये दीड-दोन फुटांचा रबरी तुकडा घाला. स्वस्त काम आहे, पण बहुतेक गाळ्यांत नसते.

गनच्या तोंडाचे आटे पाव इंची. ते एनपीटी आहेत की बीएसपी, या दोन पद्धतींपैकी कोणते, ते गनच्या कागदावर पाहा. एकाला इंचात १८ आटे, दुसऱ्याला १९. दोन फेरे सुखाने बसतात, मग अडकतात. तिथे पाना लावून जोर काढला की गनचे अॅल्युमिनियमचे तोंड गेले. टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे आट्याच्या दिशेने द्या, पण पहिला आटा मोकळा ठेवा. टेपची चिंधी आत गेली तर थेट पात्यांत अडकते.

दाब बांधणे

सगळे जोडले की आधी गन न लावता, व्हॉल्व्ह थोडासा उघडून, पाइपाचे टोक घट्ट धरून कचरा बाहेर फुंका. नव्या जीआय पाइपात कटिंगचा बुरा हमखास असतो.

मग रेग्युलेटर शून्यावर आणा, गन जोडा. गनच्या तोंडाशी टी लावून एक छोटा गेज बसवा. तात्पुरता बसवला तरी चालेल. ट्रिगर पूर्ण दाबून धरा आणि त्याच वेळी रेग्युलेटर फिरवत गेज ६.२ बारवर आणा. ट्रिगर सोडल्यावर काटा वर जाईल, ते साहजिक आहे. तो किती वर जातो हेच पाहण्यासारखे. एक बारच्या आत फरक असेल तर जोडणी उत्तम. तीन बार फरक दिसला तर दाब वाढवायचा नाही, गेज एकेक जोड मागे नेत जायचा: आधी कपलरच्या मागे, मग पाइपाच्या मागे, मग एफआरएलच्या मागे. ज्या टप्प्यात काटा उडी मारतो तोच भाग बदला. ही चाचणी गोटी न लावता, काही सेकंदांपुरतीच. मोकळी गन जास्त वेळ पळवली की पात्या आणि बेअरिंग झिजतात.

गळती रात्री शोधा. टाकी ८ बारला भरा, मोटर बंद, सगळे व्हॉल्व्ह उघडे, गन जोडलेली. दहा मिनिटांत १ बार उतरला तर मिनिटाला १६ लिटर हवा वाया जाते आहे, म्हणजे या कॉम्प्रेसरचा दहावा हिस्सा. फडक्याने साबणाचा फेस एकेक जोडावर लावा.

नट, गोटी आणि माणूस

गोटी काळी, इम्पॅक्टची, सहा कोनी. चकचकीत क्रोमची गोटी हाताच्या पान्यासाठी असते, फटक्यांनी ती फुटते आणि तुकडे चेहऱ्याकडे येतात. गोटी टोकावरच्या रिंगमध्ये किंवा पिनमध्ये नीट अडकली आहे ना, ते ओढून पाहा. गोटी बदलण्याआधी जोड सोडा, ट्रिगर दाबून उरलेली हवा काढा, मगच हात घाला.

बसवताना नट हातानेच दोन-तीन आटे फिरवा, समोरासमोरच्या क्रमाने गनच्या सर्वांत कमी सेटिंगवर टेकवा, आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे. छोट्या गाड्यांचे नट साधारण शंभर एनएमच्या (न्यूटन-मीटर) आसपास आवळायचे असतात. अर्धा इंची गन त्याच्या पाच-सहा पट देऊ शकते. गनने आवळून सोडलेला नट पुढे रस्त्यावर, स्टेपनी बदलणाऱ्याच्या हाती सुटत नाही, किंवा स्टडच तुटतो.

गॉगल आणि कानाचे प्लग कायम. सैल बाह्या, अंगठी, गळ्यातला धागा, लोकरी हातमोजे नकोत.

पाइप सुटून सापासारखा फटके मारू लागला तर त्याला धरायला धावू नका. मागे सरा आणि भिंतीवरचा व्हॉल्व्ह बंद करा. तो हाताशी हवा म्हटले ते यासाठीच.

हवेने कपडे झटकणे, घाम वाळवणे बंद. त्वचेवरच्या जखमेतून हवा रक्तात शिरू शकते, आणि उडालेला धातूचा कण डोळ्यात जातो. सामानावरची धूळ काढायची असेल तर दाब ३० पीएसआयच्या खाली आणि नोझल सुरक्षिततेचे. एक गोष्ट गाळ्यात नव्याने आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर सांगा: मस्करीत कुणाच्या पार्श्वभागाशी हवेचा पाइप नेला, तर कपड्यांवरूनही हवा आत शिरते आणि आतडे काही क्षणांत फाटते. आपल्या देशात यात माणसे मेली आहेत. पोटात दुखतंय म्हणाला तर झोपवून ठेवायचे नाही, तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायचे.

दिवस संपला की मोटर बंद, मुख्य स्विच बंद, भिंतीवरचा व्हॉल्व्ह बंद. ट्रिगर दाबून पाइप रिकामा करा, गन सोडून निप्पलमध्ये चार थेंब तेल घाला आणि पाइप जमिनीवरून उचलून हुकाला टांगा. टाकीत एक-दोन बार दाब शिल्लक असताना तळाचा कॉक उघडा, पाणी संपून कोरडी हवा येईपर्यंत थांबा. पावसाळ्यात तो कॉक रात्रभर उघडा ठेवलात तरी चालेल. सकाळी बंद केला की टाकी भरायला दहा मिनिटे.